कान म्हणजे काय?

इंग्रजी शिकणाऱ्या इथल्या मुलांना एक जुना विनोद माहीत असतो. हिब्रूत ‘मी’ म्हणजे कोण, ‘हू’ म्हणजे तो आणि ‘ही’ म्हणजे ती. इंग्रजीत ‘मी’ म्हणजे मला, ‘हू’ म्हणजे कोण आणि ‘ही’ म्हणजे तो. इंग्रजीतला ‘मला’ हिब्रूत येऊन ‘कोण’ होतो, ‘कोण’चा ‘तो’ होतो आणि ‘तो’ची चक्क ‘ती’ होते. नव्याने आलेला माणूस हे ऐकून कपाळाला हात लावतो. पण हा विनोद दोनच भाषांचा झाला. आपल्या घरात तिसरी भाषा आहे, म्हणून आपला विनोद त्याहून चांगला. आमच्या दिमोनाच्या घरी संध्याकाळी दार वाजलं की माझा धाकटा भाऊ आतून हिब्रूत विचारायचा, ‘मी?’ बाहेरून मावशी मराठीत सांगायची, ‘मी!’ तो पुन्हा, ‘मी?’ ती पुन्हा, जरा चिडून, ‘अरे मी!’ प्रश्नही तोच आणि उत्तरही तेच. कितीतरी वर्षं हा खेळ चालला. मावशीला हिब्रू येत नव्हतं असं नाही. तिला मजा वाटायची.

वर्गात मला इंग्रजीबद्दल विचारतात तेव्हा मी आधी हसते. तुम्ही इथे मराठी शिकायला येता आणि गृहपाठ काढता इंग्रजीचा. माझी नात तर सातवीच्या इंग्रजी शुद्धलेखनाचा कागदच घेऊन आली होती. त्यात सारख्या उच्चाराच्या जोड्या होत्या : पाहणं आणि समुद्र, दोन्ही ‘सी’. मांस आणि भेटणं, दोन्ही ‘मीट’. रात्र आणि सरदार, दोन्ही ‘नाइट’. लिहिणं, बरोबर, उजवा आणि धार्मिक विधी, चौघंही ‘राइट’. ऐकणं आणि इथे, दोन्ही ‘हिअर’. ती म्हणाली, ‘साव्ता, हे लोक मुद्दाम असं करतात का?’

मुद्दाम कोणी करत नाही. मला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगते. जुन्या इंग्रजीत हे शब्द सारखे नव्हतेच. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’च्या आरंभी जो ‘के’ लिहितात तो एके काळी उच्चारत असत, ‘क्नि’ असा. मधल्या ‘जी-एच’चाही घासून उच्चार व्हायचा, आपल्या खेतच्या जवळचा. लिहिणं या अर्थाच्या ‘राइट’मधला ‘डब्ल्यू’ही तोंडात यायचा. ‘सी’ आणि ‘सी’, ‘मीट’ आणि ‘मीट’ यांचे स्वर वेगळे होते. मग १४७६ साली कॅक्सटन नावाच्या माणसाने इंग्लंडात पहिला छापखाना काढला आणि शब्द कागदावर हळूहळू एका रूपात बसत गेले. तोंड मात्र थांबलं नाही. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर आपापल्या जागेवरून सरकले, काही एकमेकांवर जाऊन बसले, काही अक्षरं मुकी झाली. लिहिणं मागे राहिलं, बोलणं पुढे गेलं. आज मुलं जे पाठ करतात ते त्या जुन्या उच्चारांचे थडग्यावरचे दगड आहेत असं समजा. नाव कोरलेलं आहे, आत कोणी बोलत नाही.

एक जोडी मला फार आवडते. फूल आणि पीठ. दोन्ही ‘फ्लॉवर’च ऐकू येतात, स्पेलिंग वेगळं. पण ही जोडी योगायोगाची नाही, मूळचा शब्दच एक आहे. दळलेल्या गव्हातला सर्वांत उत्तम भाग म्हणजे पिठाचं ‘फूल’. पुढे स्वयंपाकघरातल्याने वेगळं लिहायला घेतलं आणि बागेतल्याने वेगळं. दोन सख्ख्या बहिणी दोन घरी दिल्या, एवढंच.

माझे पप्पा मुंबईत रेल्वेत कारकून होते. तेव्हा स्टेशनावर वजनाचा मोठा काटा असायचा, दिवे लुकलुकणारा. नाणं टाकलं की जाड पुठ्ठ्याचं छोटं तिकीट पडायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. काट्यावर ‘वेट’ लिहिलेलं. पलीकडे ‘वेटिंग रूम’. माझ्या मोठ्या भावाचं ठाम मत होतं की ती वजन करायची खोली आहे, आणि आतल्या बाकांवर बसलेली लठ्ठ माणसं आपापली पाळी येण्याची वाट पाहत आहेत. पप्पांनी त्याच तिकिटाच्या कोपऱ्यात दोन्ही स्पेलिंगं लिहून दाखवली. भाऊ म्हणाला, ‘पण वाट तर पाहतातच ना?’ पप्पांकडे त्यावर उत्तर नव्हतं. पावसात भिजलेला ‘वेट’ त्याला अजून माहीत नव्हता, ते बरंच झालं.

आता आपल्या कानाबद्दल. मुलांनो, तुमचं इंग्रजी हिब्रूतून येतं. हिब्रूत आखूड इ आणि लांब ई यांत फरक करत नाहीत, म्हणून तुमच्या वर्गात जहाज आणि मेंढी एकच होतात. ‘ॲ’ हा स्वरही हिब्रूत नाही, म्हणून वाईट आणि बिछाना, दोन्ही ‘बेड’. विचार करणं आणि बुडणं, दोन्ही ‘सिंक’. पण तुमच्या आजीला विचारा. ती शिप आणि शीप वेगळं लिहील, बॅड आणि बेड वेगळं म्हणेल, थिंक आणि सिंक वेगळं म्हणेल, कारण तिच्या बाराखडीत या सगळ्यांना जागा आहे. ‘ॲ’ आणि ‘ऑ’वरची ती अर्धचंद्राची टोपी तर मराठी माणसांनी इंग्रजी शब्दांसाठीच घेतली. इंग्रजीच्या शब्दाखाली पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहा, अर्धी भांडणं तिथेच मिटतात. माझ्या नातीने तसं केलं. शिक्षिकेने विचारलं, ही कुठली गुप्त लिपी? नातीने नुसते खांदे उडवले. मला ते आवडलं नाही, सांगायला हवं होतं.

पण देवनागरीची मजल उच्चारापर्यंतच. ‘सी’ आणि ‘सी’ तिच्यात सारखेच दिसणार. आणि एका बाबतीत आजीही तुमच्यासारखीच : आपल्याकडे ‘व’ एकच. पश्चिम दिशा आणि आत घालायचा बनियन, दोन्ही ‘वेस्ट’. द्राक्षाची वेल आणि किद्दुशची दारू, दोन्ही ‘वाइन’. त्यात इंग्रज माणूस हसला तर हसू द्या. त्याला ‘ळ’ म्हणायला सांगा.

हिब्रूची गंमत इंग्रजीपेक्षा कमी नाही, फक्त आपण तिच्यात राहतो म्हणून दिसत नाही. बावीस अक्षरं आणि आज त्यांतल्या कितीतरी जोड्या एकाच आवाजाच्या : आलेफ आणि आयिन, वेत आणि वाव, खेत आणि खाफ, तेत आणि ताव, काफ आणि कोफ, सामेख आणि सीन. ‘इम’ आलेफने लिहिलं तर ‘जर’, आयिनने लिहिलं तर ‘बरोबर’. ‘लो’ म्हणजे नाही आणि ‘लो’ म्हणजेच त्याला. ‘कोल’ कोफने आवाज आणि काफने सगळं. किप्पुरच्या, म्हणजे आपल्या दारफाळणीच्या सणाच्या, संध्याकाळी ‘कोल निद्रे’ सुरू होतं तेव्हा लहान मुलांना वाटतं हा नवसांचा आवाज. अर्थ तसा नाही, ‘सगळे नवस’ असा आहे. पण त्या संध्याकाळी देवळात उभं राहिलं की मुलांचं म्हणणं अगदीच चुकीचं वाटत नाही.

ही जुनी डोकेदुखी आहे. तालमूदात मेगिल्ला भागात हैफा आणि बेत शआनच्या लोकांबद्दल लिहिलेलं आहे की ते आलेफचा आयिन करतात आणि आयिनचा आलेफ, म्हणून त्यांना प्रार्थना चालवायला पुढे उभं करू नये. तो नियम आज लावला तर अर्ध्या देशाला मागच्या बाकावर बसावं लागेल. पुढे येमेनी आजोबा उभे राहतील आणि बगदादचे, ज्यांच्या घशातून खेत आणि आयिन अजून खरे निघतात. मिद्राशात आणखी एक गोष्ट आहे. आदाम आणि हव्वा यांना देवाने कातड्याची वस्त्रं केली. कातडं म्हणजे ‘ओर’, आयिनने. पण रब्बी मेईर यांच्या तोरात म्हणे तिथे आलेफ होता, आणि आलेफचा ‘ओर’ म्हणजे प्रकाश. एका अक्षराने कातड्याची वस्त्रं प्रकाशाची झाली. हझ्झानने वाचलं तर दोन्ही सारखंच ऐकू येतं. डोळ्याने पाहणाऱ्यालाच कळतं.

माझ्या आजोबांची एक वही होती. कोकणातून मुंबईला आल्यावर त्यांनी हिब्रू प्रार्थना देवनागरीत उतरवून घेतल्या होत्या, आपल्यातल्या कितीतरी जुन्या लोकांसारख्या. त्यांच्या वहीत आलेफही अ आणि आयिनही अ. तेतही त आणि तावही त. हैफाच्या लोकांच्याच पंक्तीला बसवा त्यांना. पण शमा म्हणताना ते ‘तिझकेरू’तला झ असा जोर देऊन म्हणत की समोरच्याच्या अंगावर थुंकी उडे. त्या शब्दाचा स झाला तर ‘आठवण ठेवा’चं ‘बक्षीस मिळवा’ होतं, असं त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. एवढा एक शब्द त्यांनी सांभाळला.

मराठीलाही सोडू नका. आपण म्हणतो, आपली भाषा जशी लिहिली तशी वाचतात. असं? मग ‘जग’ वाचा. पृथ्वी म्हणजे जग, एक ज. ‘सुखाने जग’ म्हटलं की दुसरा ज, दाताला जीभ लावून. ‘जरा थांब’मधली जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा, तोच प्रकार. ‘चार’चा च आणि ‘चारा’चा च. लिहायला एकच अक्षर, वाचणाऱ्याने ओळखून घ्यायचं. गंमत अशी की तुम्ही जेव्हा चोरून मराठी शब्द हिब्रू अक्षरांत लिहिता (मी तुमच्या वह्या पाहते) तेव्हा हा फरक आपोआप दाखवता. चाऱ्याला साधी त्सादी आणि चारला डोक्यावर टिंब ओढलेली त्सादी. पृथ्वीला टिंबाची गिमेल आणि जगण्याला दालेत-झाइन. देवनागरीला जे जमलं नाही ते हिब्रूने केलं. म्हणून मी तुमच्या त्या वह्यांवर लाल रेघ मारत नाही.

आणि ‘बस’! ‘बस’मध्ये बस, आता बस. एक वाहन, एक आज्ञा आणि एक कंटाळा.

भाषा एकमेकींच्या शेजारी राहायला लागल्या की जोड्या वाढतात. तुमच्यापैकी ज्यांनी शाळेच्या फाटकाशी आपल्या काकांना मोठ्याने ‘काका!’ म्हणून हाक मारली असेल त्यांना इतर मुलं का खिदळली ते सांगायला नको. हिब्रूत लहान बाळ जे लंगोटात करतं त्याला तो शब्द आहे. आमच्या गल्लीत एक तर पोरगा घरात काका आणि बाहेर ‘दोद’ म्हणायचा, तेच काका, अंतर दहा पावलांचं. रेडिओवर ‘सार हाओत्सार’ म्हणजे अर्थमंत्री बोलणार म्हटलं की माझी आई विचारायची, कोकमाचं की टोमॅटोचं? ‘हार’ हिब्रूत डोंगर. ‘गाल’ म्हणजे लाट. उलपानात बाई म्हणाल्या, ‘शेव’, म्हणजे बस, आणि पप्पा म्हणे टेबलावर बशी शोधत राहिले. ही गोष्ट पप्पांनी स्वतः रचली असणार, कारण त्यांना उलपानात जायच्या आधीच पुष्कळ हिब्रू येत होतं. पण त्यांनी ती तीस वर्षं सांगितली आणि आम्ही तीस वर्षं हसलो.

आपल्या आडनावांचंही तसंच. पेणकर, नवगावकर, अष्टमकर, गावाच्या नावाला ‘कर’ लागला की आपण झालो. हिब्रूत लिहिलं की तो शेवट कोफ-रेश होतो आणि कोफ-रेश म्हणजे थंड. माझ्या मुलाला दुसरीत विचारलं होतं, तुमच्यात सगळ्यांचीच नावं थंड का? कोकणातला उकाडा सोसून नेगेवच्या उन्हात आलेल्या माणसांना!

इथवर हसण्यासारखं होतं.

आईची शेवटची तीन वर्षं ‘बेत आवोत’मध्ये गेली. आधी तिची हिब्रू गेली. मग इंग्रजी, जी तिने मुंबईला मिशनच्या शाळेत शिकली होती. शेवटी मराठी राहिली, तीही अलिबागकडची, लहानपणची, जी मी तिच्या तोंडून आधी कधी ऐकली नव्हती. तिची काळजी घेणारी बाई रशियातून आलेली होती. चांगली बाई. आईचे केस विंचरून वेणी घालायची, शुक्रवारी तिच्या बशीत हल्लाचा मऊ भाग काढून ठेवायची. तिनेही हिब्रू उलपानातच शिकली, आपल्यासारखीच.

एका रविवारी आई जेवेना. बाईने विचारलं, ‘एफो कोएव लाख?’ कुठे दुखतंय? हा प्रश्न आईला अजून कळायचा. आईने उत्तर दिलं, ‘कान.’

हिब्रूत ‘कान’ म्हणजे इथे.

बाईने विचारलं, इथे म्हणजे कुठे? आई म्हणाली, कान. बाईने पोट दाबून पाहिलं, पाठ पाहिली, गुडघे पाहिले. आई म्हणत राहिली, कान, कान. हात तिचा उशीवर पडलेला असायचा, उचलायची ताकद कमी झाली होती. बाईने वरच्या नर्सला सांगितलं, नर्सने लिहून ठेवलं की वृद्ध बाईंना वेदना आहेत पण जागा सांगता येत नाही. वेदना कमी करायची गोळी दिली. सोमवार गेला, मंगळवार गेला. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डॉक्टरांनी आठवडाभर घराबाहेर पडू दिलं नव्हतं. फोन लावला की आई तो कानाला लावू देईना. बाई म्हणाली, आज तिला बोलायचं नाही, थकली आहे.

बुधवारी माझी नात गेली, शाळा सुटल्यावर, एकटीच. ती तेव्हा तेरा वर्षांची होती आणि या वर्गात सहा महिने येत होती. आईने तिला पाहिलं आणि म्हणाली, ‘अगो, तीन दिस झाले सांगतंय, कान दुखतो, कोण ऐकत नाय.’ नातीला त्या वाक्यातलं अर्धंच कळलं. पण दुसऱ्या धड्यात डोकं, डोळे, नाक, कान असं आपण गाणं म्हणतो तसं म्हटलं होतं, आणि ‘कान दुखतो’ एवढं तिला पुरलं. ती बाईला म्हणाली, ‘ही इथे म्हणत नाहीये. ओझेन म्हणतेय.’

डॉक्टर आले. कानात पू झाला होता, ताप चढत होता. औषधाने आठवड्यात उतरला. त्या कानाने मात्र आईला पुढे जवळजवळ ऐकू आलं नाही. दुसऱ्या बाजूने, डाव्या बाजूने, जवळ जाऊन बोलायला लागायचं, आणि तेही मराठीतच.

बाई रडली. मी तिला काय बोलणार? तिने प्रश्न बरोबर विचारला होता, आईने उत्तर बरोबर दिलं होतं, आणि ते उत्तर त्या प्रश्नाला तंतोतंत बसत होतं. शब्द समजलाच नाही तर माणूस पुन्हा विचारतो, कोणाला तरी बोलावतो. समजला असं वाटलं की शोधणं थांबतं. माझा राग कोणावर असेल तर त्या कागदावर, ज्यावर ‘सांगता येत नाही’ असं लिहिलं होतं. सांगत होती ती. तीन दिवस सांगत होती.

त्या रात्री नात आमच्या स्वयंपाकघरात बसली आणि एक पिवळा पुठ्ठा घेतला. एका बाजूला आजीचा शब्द हिब्रू अक्षरांत, नेकुदोत देऊन, आणि समोर त्याचा हिब्रू अर्थ. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. पहिला शब्द कान. मग पाणी, पोट, पाय, दुखतंय, नको, लघवी. ‘गार’ लिहिताना ती थांबली. आईला थंडी वाजली की ती गार म्हणायची, आणि हिब्रूत ‘गार’ म्हणजे राहतो. ‘साव्ता, ती कितीदा म्हणाली असेल आणि यांना वाटलं असेल कोण कुठे राहतं ते विचारतेय!’ तो शब्द तिने तांबड्या पेनाने लिहिला. तांबडे शब्द म्हणजे धोक्याचे, दोन्हीकडे अर्थ असलेले. ‘बस’ तांबडा. ‘मी’ तांबडा. ‘आई’वर आमची चर्चा झाली. रात्री आई ‘आई, आई’ करायची, आणि इकडे ‘आय’ म्हणजे दुखल्याचा आवाज. बाई धावत यायची. नात म्हणाली, हा तांबड्यात घालू नको, धावत येऊ दे.

पुठ्ठा लिहून झाल्यावर तिने मला तिचा तो इंग्रजी शुद्धलेखनाचा कागद पुन्हा दाखवला. ऐकणं आणि इथे, दोन्ही ‘हिअर’. म्हणाली, ‘बघ, इंग्रजीवाले पण यातच फसतात. आणि एच-ई-ए-आर मधला एच काढला तर ई-ए-आर उरतो. कान.’ तिच्या शिक्षिकेने तो शब्द लक्षात ठेवायला तसाच शिकवला होता म्हणे. मी मान डोलावली. मराठीत कान म्हणजे कान, हिब्रूत कान म्हणजे इथे, इंग्रजीत ‘इथे’ आणि ‘ऐकणं’ एका आवाजाचे आणि ऐकण्याच्या पोटात पुन्हा कान. हे कोणी ठरवून केलेलं नाही. या तिन्ही शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही, फूल आणि पिठासारखं तर नाहीच. नुसते एका वाटेवर भेटले.

पुठ्ठा आईच्या पलंगावर सव्वा वर्ष होता. बाईने त्यातले बरेच शब्द पाठ केले. ‘दुखतंय का?’ ती इतकं स्वच्छ म्हणायची की पहिल्यांदा ऐकून आई तिच्याकडे बघतच राहिली आणि विचारलं, ‘तू पेणची काय?’ त्या दिवसापासून आईच्या दृष्टीने ती बाई पेणचीच झाली. शेवटपर्यंत तिच्याशी माहेरच्या गोष्टी करायची. बाईला त्यातलं कितीसं कळत होतं कोण जाणे, पण ती ‘हो गो’ म्हणायला शिकली होती, आणि कुठे म्हणायचं तेही.

आई गेल्यावर मी तिथलं सामान आवरायला गेले तेव्हा बाईने विचारलं, पुठ्ठा ठेवू का? शेजारच्या खोलीत आपल्यातलेच एक आजोबा आले होते, मराठी आणि थोडं हिंदी बोलणारे. मी ठेवायला सांगितलं. घरी आणून मी तो कुठे लावणार होते? आजोबांच्या मुलाने खाली आणखी काही शब्द घातले. ‘चश्मा’ आणि ‘विडी’ त्याचेच. विडी द्यायची नाही, पण ते काय मागतात ते तरी कळावं, असं तो म्हणाला.

आता ही यादी आपल्या वर्गाने हातात घेतली आहे. मागच्या महिन्यापर्यंत त्रेसष्ट शब्द झाले, त्यात सतरा तांबडे. दोन शब्दांवर मोठी माणसं आणि मुलं यांचं एकमत होत नाही. एक ‘काका’. मुलं म्हणतात तांबड्यात पहिला तोच घाला, आजारी माणसाच्या खोलीत तर नक्कीच. मोठ्यांना ते बरं वाटत नाही. दुसरा ‘शेव’. आपल्या एका आजी विचारतात, दवाखान्यात कोण शेव मागणार आहे? माझं मत वेगळं आहे. माझ्या पप्पांनी शेवटच्या आठवड्यात मागितली होती.

तुमच्या घरी असे शब्द सापडले तर मंगळवारी वहीत लिहून आणा. हिब्रू अक्षरांत लिहिलेले चालतील. च असेल तर टिंब आहे की नाही ते मात्र नीट दाखवा.